मनातलं ऐकणारा हुन्नर

‘समोरच्याच्या मनात काय चाललंय ते तुला ऐकू येतं. कधीही, कितीही वेळा.’

माझ्या भाच्याने वहीत लिहून आणलेला पहिला मसुदा एवढाच होता. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. न खेळणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते.

हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर, थोडक्यात डीएम म्हणतात. बाकीचे चार-पाचजण त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. ‘मी दार ढकलतो’ असं खेळाडू म्हणतो, वीस बाजूंचा फासा टाकतो, आणि दार उघडलं की नाही ते फासा आणि पात्राची ताकद मिळून ठरवतात. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो काढला. आमच्या सोलापुरात तो आला भाच्याच्या बॅगेतून, पुण्याच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलवरून. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही, त्यामुळे पोरांना चार तास बसवून ठेवणारा कुठलाही खेळ इथे चालतो. गोष्ट सांगायला कुणीतरी हवं होतं. खाला उर्दू-मराठी शिकवते, दास्तानं वाचते, म्हणून खालाला डीएम केलं गेलं.

या खेळात ‘फीट’ नावाची एक चीज असते. मराठीत फीट म्हटलं की रस्त्यात पडलेला माणूस आणि त्याच्या नाकाला लावलेली चप्पल आठवते, म्हणून आमच्या टेबलावर मी तिला हुन्नर म्हणते. पात्र चौथ्या पायरीवर पोचलं की त्याला निवड मिळते: एकतर आपल्या गुणांमध्ये दोन अंक वाढवून घ्या, किंवा एक हुन्नर घ्या. हुन्नराची किंमत म्हणजे ते सोडलेले दोन अंक. सोळा बुद्धी अठरा झाली तर फाशावर एक अंक जास्त मिळतो. वीस बाजूंच्या फाशावर एक अंक म्हणजे शंभरातले पाच. ऐकायला कमी वाटतं, पण तो अंक प्रत्येक फेकीला, रोज, शेवटपर्यंत सोबत असतो. कुठलाही घरगुती हुन्नर लिहायला बसलं की पहिला प्रश्न हाच: त्या पाच टक्क्यांच्या बदल्यात हे देणं रास्त आहे का?

भाच्याचा मसुदा त्या तराजूत घातला तर पारडं जमिनीला टेकतं. त्याला ते पटेना. ‘खाला, इससे किसी को मार तो नहीं सकते ना. फिर ओव्हरपॉवर्ड कैसे?’

मारता येत नाही, हे खरं. पण डीएमने तीन रात्री बसून रचलेला खुनाचा गुंता पहिल्या दहा मिनिटांत सुटतो. वझीर गद्दार आहे हे दरबारात पाय टाकताच कळतं. आणि गटातल्या ज्या खेळाडूने आपलं पात्र गप्पांमधून माहिती काढण्यात तरबेज केलेलं असतं, तो बाजूला बसून चिवडा खात राहतो. तोल बिघडला हे खेळात असं ओळखायचं. राक्षस लवकर मेला तर दुसरा आणता येतो, पण एका खेळाडूचं काम दुसऱ्याच्या हुन्नराने काढून घेतलं तर त्या खेळाडूसाठी दुसरं काम कुठून आणायचं?

मनाच्या शक्तींचं हे दुखणं खेळाइतकंच जुनं आहे. 1976 च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या पुरवणीत त्या पहिल्यांदा आल्या. 1978 च्या खेळाडूंच्या पुस्तकात त्या परिशिष्टात होत्या आणि कुणाला मिळणार हे शंभराच्या फाशावर ठरायचं. म्हणजे एका पात्राला नशिबाने सगळ्यांपेक्षा जास्त मिळे, तेही काही न सोडता. 1991 मध्ये त्यांच्यासाठी वेगळं जाड पुस्तक आलं, 2001 मध्ये आणखी एक. पाचव्या आवृत्तीत ‘मिस्टिक’ नावाचा एक अख्खा पेशा चाचणीसाठी खेळाडूंपुढे ठेवला गेला. तो इतकं सगळं करू शकत होता की शेवटी बाजूला ठेवावा लागला. मग 2020 च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मध्ये याच शक्तींचे लहान लहान तुकडे करून दिले गेले. त्यांत दोन हुन्नर आहेत, टेलिकायनेटिक आणि टेलिपॅथिक. 2024 च्या नव्या खेळाडू-पुस्तकातही ते आहेत. घरगुती हुन्नर लिहिणाऱ्याने ते दोन नीट वाचावेत. मी भाच्याला तेच करायला लावलं, नववीच्या मुलांना धडा वाचायला लावते तसं, ओळ थांबवून थांबवून.

टेलिकायनेटिक घ्या. एका गुणात एक अंक वाढतो. न दिसणारा जादूचा हात मिळतो, तोही मंत्र न पुटपुटता आणि बोटं न हलवता. आणि आपल्या प्रत्येक पाळीला, तीस फुटांच्या आतल्या एखाद्याला मनाने ढकलता किंवा ओढता येतं. किती? पाच फूट. बस. त्यालाही बचावाचा फासा मिळतो.

भाचा म्हणाला, पाच फुटांत काय होतं? खेळाच्या नकाशावर पाच फूट म्हणजे एक घर. बुद्धिबळात प्याद्याला एका घराने काय होतं असं कुणी विचारत नाही. पुलाच्या कडेला उभ्या असलेल्याला पाच फूट पुरतात. राक्षसाच्या मिठीत सापडलेल्या दोस्ताला सोडवायला पुरतात, कारण दोस्त स्वतःहून फासा हरू शकतो. ज्याने हा आकडा लिहिला त्याने दहा लिहिले असते तर हुन्नर दुप्पट जोरदार झाला असता आणि निम्मा मजेशीर. पाच फुटांसाठी खेळाडूला आधी कडा शोधावा लागतो.

टेलिपॅथिकमध्ये साठ फुटांच्या आत, दिसणाऱ्या कुणाशीही मनातल्या मनात बोलता येतं. पण दोन अटी आहेत. समोरच्याला उलट बोलता येत नाही. आणि तुम्ही ज्या भाषेत बोलता ती त्याला येत असेल तरच त्याला कळतं.

ही दुसरी अट वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. सिनेमांत मनाचं बोलणं सगळ्यांना कळतं, जणू मनाला भाषा नसतेच. इथे नियम लिहिणाऱ्याने सरळ सांगितलं की मनातही तुम्ही कुठल्यातरी भाषेतच असता. आमच्या टेबलाकडे बघा. भाचा आणि भाची घरात दखनी बोलतात. भाच्याचा शाळेपासूनचा मित्र पद्मशाली, घरात तेलुगू. शेजारचा चौथा अक्कलकोटकडचा, त्याची आजी कन्नडशिवाय बोलत नाही. चौघे एकमेकांशी मराठी बोलतात, फासा वाईट पडला की प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोंबलतो. सोलापुरात हा नियम कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

वर्गातही हे रोज दिसतं. उर्दू माध्यमातून आलेलं पोर मराठीच्या तासाला गप्प बसतं, त्याला येत नाही म्हणून नव्हे. त्याच्या मनात वाक्य तयार असतं, पण दुसऱ्या भाषेत. टेलिपॅथीने त्या पोराच्या मनात शिरलं तर मराठीच्या परीक्षकाला काय ऐकू येईल? दखनी.

आणखी एक गोष्ट मला दास्तानांमुळे चटकन कळली. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ नवलकिशोर प्रेसने लखनौला 1883 पासून छापायला घेतली. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. त्यात पकडलेल्या जादूगाराच्या जिभेत सुई खुपसून ठेवतात. जीभ हलली नाही की मंत्र नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही बहुतेक जादूला तोंड आणि हात मोकळे लागतात. तोंडात बोळा कोंबला की जादूगार संपला. मनाच्या शक्तीचं खरं मोल इथे आहे: जिभेत सुई असली तरी ती चालते. म्हणजे तिच्यावर बाहेरून लगाम घालण्याची नेहमीची सोयच नाही, आणि म्हणून तिचा लगाम लिहिणाऱ्याने नियमातच विणावा लागतो.

दुसऱ्या मसुद्यात भाच्याने लगाम म्हणून ‘नाकातून रक्त येतं’ असं लिहिलं. हे ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधल्या इलेव्हनवरून. दिसायला छान आहे, पण रक्त आल्याने पात्राचं काय कमी होतं? जीवाचे अंक कमी होत नसतील तर ते वर्णन झालं, किंमत नाही. आणि होत असतील तर गटातला हकीम रात्री ते भरून काढतो. किंमत मोजायची तर वापराची संख्या मोजावी: पात्राच्या प्रावीण्याचा जो बोनस असेल तितक्या वेळा, आणि लांब विश्रांतीनंतर पुन्हा तितक्या. चौथ्या पायरीवर हा बोनस दोन असतो, म्हणजे दिवसातून दोनदा, आणि पात्र मोठं होईल तसा तो आपोआप वाढतो. आकड्यांचा प्रश्न इथे जवळजवळ मिटला होता.

तेवढ्यात दहावीतल्या भाचीने मान वर न करता म्हटलं, ‘मेरे दिमाग में नको घुस.’

तिचं पात्र चोराचं होतं. तीन आठवड्यांपासून ती गटाच्या खजिन्यातून थोडं थोडं बाजूला काढत होती. खेळात, आणि माझ्या परवानगीने. तिने मला चिठ्ठी लिहून सांगितलं होतं की ते पैसे तिचं पात्र एका कैदेतल्या बहिणीला सोडवायला जमवतंय. हे बाकीच्यांना कधी आणि कसं सांगायचं ते तिने ठरवलं होतं. भावाचा हुन्नर दिवसातून दोनदाच चालणार होता, पण तिचं गुपित फोडायला एकदाच पुरे होतं.

आकड्यांनी तोल साधला जातो तो शक्ती आणि शक्ती यांच्यातला. माणसांच्यातला वेगळा साधावा लागतो. हे मला त्या दुपारी फार स्पष्ट दिसलं, आणि त्याला कारण खेळाबाहेरचं आहे.

मी बी.एड. करत होते तेव्हा भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी एका सहाध्यायीने अगदी हसतखेळत विचारलं होतं, ‘खरं सांग, मनातून कोण जिंकावं वाटतं?’ हा प्रश्न ज्यांना कधी विचारला गेलेला नाही त्यांना त्यातली गोम कळणार नाही. भारत, असं मी म्हटलं. पण ते उत्तर जिभेवरचं, आणि त्याने ‘मनातून’ असं आधीच म्हणून ठेवलेलं. जिभेवरचं काहीही चालणार नव्हतं. चिडले असते तर चिडली म्हणजे काहीतरी आहे. हसले असते तर हसून टाळलं. आपल्यातल्या पुष्कळांनी हा फासा टाकलेला आहे, आणि त्यात जिंकायचा आकडाच नसतो.

हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांचा प्रसंग बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. लढाईत समोरच्या माणसाने कलमा म्हटला, तरी उसामांनी त्याला मारलं, कारण तो जीव वाचवायला म्हणतोय असं त्यांना वाटलं. रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना विचारलं की तू त्याचं हृदय चिरून पाहिलं होतंस का. सूरह हुजुरातच्या 12 व्या आयतीत तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याचं झाकलेलं उकरून काढायला, मनाई आहे. माझी आपा, पोरांची अम्मी, चहा घेऊन आली तेव्हा तिने वेगळाच आक्षेप घेतला होता: मनातलं जाणणं हे अल्लाहचं काम, पोरांना असले खेळ कशाला? मी म्हटलं, अमर अय्यारची जंबील तू लहानपणी तोंड उघडं टाकून ऐकायचीस, तशीच ही गोष्ट आहे. फतवा देणं माझं काम नाही. पण तिचं बोट बरोबर जागी होतं, एवढं मी मानते.

खेळाच्या पुस्तकांनाही याची थोडी जाण आहे. ‘डिटेक्ट थॉट्स’ हा मंत्र 2014 च्या पुस्तकात वाचा. वरवरचे विचार आपोआप ऐकू येतात, पण खोल उतरायचं तर समोरच्याला बचावाचा फासा मिळतो, आणि फासा कसाही पडला तरी कुणीतरी मनात शिरतंय हे त्याला कळतं. हे ‘कळतं’ फार मोलाचं आहे. चोरून ऐकणं आणि दार वाजवून आत येणं यांत फरक तेवढाच.

मग आम्ही मसुदा उलटा केला. हुन्नराचं नाव ठेवलं हमराज. बुद्धी, शहाणपण किंवा करिश्मा, यांपैकी एकात एक अंक वाढतो. साठ फुटांच्या आत दिसणाऱ्या एकाच्या मनाचं दार वाजवता येतं. कोण वाजवतंय हे त्याला कळतं. त्याने उघडलं तर दहा मिनिटं दोघांनाही बोलता येतं, आणि दोघांपैकी कुणीही केव्हाही बंद करू शकतो. सामायिक भाषा असेल तर शब्द जातात, नसेल तर फक्त भूक, भीती, राग, ओळख असं काहीतरी. ही शेवटची सवलत कन्नड आजीच्या नातवाने मागून घेतली. आजीशी त्याचं निम्मं बोलणं तसंच चालतं म्हणे.

खोटं बोलता येईल का? भाच्याला मनाच्या बोलण्यात खोटं नको होतं. मी अडून बसले. ज्याला दार उघडायचं त्याला दाराआडचा एक कोनाडाही ठेवता आला पाहिजे, नाहीतर कोण उघडेल?

पण एवढ्यावर हुन्नर हलका पडत होता. टेलिपॅथिक घेणाऱ्याला ‘डिटेक्ट थॉट्स’ दिवसातून एकदा फुकट मिळतो. हमराजमध्ये तसं काहीच नव्हतं. म्हणून एक भर घातली: लांब विश्रांतीत एकदा, जोडलेल्या दोस्ताच्या मनावर कुणी भीती किंवा भुरळ टाकत असेल तर त्याला बचावासाठी दोन फासे टाकून मोठा घेऊ द्यायचा. शेजारी ‘लकी’ ठेवून पाहिला. 2014 च्या पुस्तकात त्यात दिवसाला तीन वेळा जवळजवळ कशावरही जादा फासा मिळायचा, आणि तो पुष्कळ टेबलांवर जड समजला जातो. आमचा एकदाच, आणि दुसऱ्यासाठीच. जमलं.

मसुद्यातलं सगळ्यात वाईट भोक शेवटी दिसलं, आणि ते शोधलं भाच्याने. खेळायला लागल्यावर त्याने बाजारात एका अत्तरवाल्याच्या मनाचं दार वाजवलं. अत्तरवाल्याने नकार दिला. भाचा लगेच म्हणाला, ‘नकार दिला म्हणजे हाच हेर.’

बघा कसं झालं. संमती मागितली, रीतसर मागितली, आणि नकारालाच पुरावा केलं. त्याच्या जागी तेवीस वर्षांपूर्वीचा माझा सहाध्यायीही हेच म्हणाला असता. मी खेळ थांबवला नाही. अत्तरवाल्यानंतर मी त्या बाजारातल्या भिश्तीला, नानबाईला, चांभाराला, मशिदीच्या पायरीवरच्या फकिराला, सगळ्यांना नकार द्यायला लावला. अनोळखी माणसाला मनाचं दार कोण उघडतं? दोन वापर तिथेच संपले, कारण नकार मिळाला तरी वापर खर्च होतो असं आम्ही आधीच लिहिलं होतं. पुढच्या लोकांचं फक्त वर्णन केलं. मग वहीत नवं वाक्य आलं, तेही भाच्याच्या हाताने: ‘नकारावरून काहीही कळत नाही.’ डीएमसाठी खाली बारीक टीप: साधे लोक बहुतेकदा नकारच देतील. हे वाक्य नियमाच्या भाषेत जरा विचित्र आहे. आकडा नाही, फासा नाही. तरी त्या पानावरचं ते सगळ्यात वापरलं गेलेलं वाक्य आहे.

हुन्नराची तोलाची परीक्षा साधी असते. चौघांनीही घेतला तर तो फार जड, कुणीच नाही घेतला तर फुकट. चौथ्या पायरीवर पोचल्यावर भाच्याने स्वतः लिहिलेला हमराज सोडून बुद्धीत दोन अंक घेतले. अक्कलकोटवाल्याने टेलिकायनेटिक घेतला, त्याला लोकांना पुलावरून ढकलायचं आहे. पद्मशाली मित्राने हमराज घेतला आणि भाचीनेही. पुढच्या गुरुवारी तिने पहिल्यांदा त्या मित्राच्या पात्राचं दार वाजवलं. त्याने उघडलं, आणि दोघांच्या पात्रांना सामायिक भाषा नसल्याने मी फक्त एवढंच सांगितलं: ‘तुला तिच्याकडून भीती येते. आणि एक लहान मुलगी, साखळीत.’

त्याने मान हलवली, खजिन्यातल्या आपल्या वाट्यातून शंभर मोहरा काढून तिच्या कागदाशेजारी सरकवल्या, आणि भाच्याने विचारलं, ‘हे काय चाललंय?’ दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.